वाऱ्यात स्लग किती ग्रेनचा? आधी उशीर मोजा, मग वजन

माझा भाचा ऐरोलीला राहतो. महिन्यातून एखाद्या रविवारी नौपाड्याला आमच्याकडे जेवायला येतो आणि येताना एखादा प्रश्न घेऊन येतो. गेल्या खेपेला पानं मांडायच्या आतच त्याने मोबाइल पुढे केला. अमेरिकेतला कुणीतरी शंभर यार्डांवरच्या कागदावर एअरगनने भोकं पाडत होता, जवळजवळ एकात एक. "मामा, हे लोक छर्रे वापरतच नाहीत, स्लग वापरतात. आणि वाऱ्यात जितका जड तितका चांगला म्हणे. मग सगळ्यात जड डबाच मागवतो ना?"

वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं लेथवर काढल्यामुळे असेल, पण "जड म्हणजे चांगलं" असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप कॅलिपरकडे जातो. त्या दिवशी जेवण गार झालं, बहीण चिडली, आणि कागदाच्या चार पानांवर जे काही आम्ही दोघांनी खरडलं ते इथे नीट लावून लिहितोय.

आधी वस्तू ओळखून घेऊ. आपण ज्याला छर्रा म्हणतो तो कमरेत बारीक असतो, डमरूसारखा. मागचा घेर पोकळ असतो आणि हवेच्या दाबाने फुलून नळीला चिकटतो. उडताना हाच घेर बॅडमिंटनच्या शटलच्या पिसांचं काम करतो: मागून हवा धरून ठेवतो, म्हणून तोंड पुढे राहतं. ही सोय १० मीटरच्या हॉलमध्ये उत्तम चालते. अथेन्सच्या २००४ च्या ऑलिंपिकमध्ये १० मीटर रायफलची अंतिम फेरी गाठणाऱ्या पनवेलच्या सुमा शिरूर यांच्यासारखे नेमबाज ज्या प्रकारात खेळतात, तिथे वारा नावाची गोष्टच नसते. पण सोसायटीच्या गच्चीवर बॅडमिंटन खेळून बघितलेल्या कुणालाही पुढचं सांगायला नको. शटल वाऱ्याच्या मर्जीवर जातं.

स्लग म्हणजे लहानशी बंदुकीची गोळीच. सरळ अंगाची, शिशाची, पुढे बहुधा खळगा, मागे सपाट किंवा किंचित पोकळ. पिसं नाहीत, कंबर नाही. हवा कमी अडवतो, म्हणून वेग टिकवतो. पण तोंड पुढे ठेवायला त्याच्याकडे फक्त एकच आधार आहे, गिरकी. ती नळीच्या आट्यांतून, म्हणजे आतल्या पिळदार खाचांतून मिळते. भोवरा फिरतोय तोवर उभा, तसंच. ही गिरकीची गोष्ट मनात ठेवा, कारण "सगळ्यात जड डबा" शेवटी तिथेच अडकतो.

वजन ग्रेनमध्ये सांगतात. ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. हे माप परकं वाटतं, पण आपल्या सराफाच्या तराजूत ते इंग्रजांच्या काळापासून बसलेलं आहे: जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा धरलेला होता. एका तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनच्या किंचित वर. १६ ग्रेनचा स्लग म्हणजे साडेआठ गुंजांचा ऐवज. आमच्या आजीला एवढ्यात कळलं असतं.

आता कायद्याची रेघ, कारण तिच्याशिवाय पुढचं गणित हवेत राहील. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअर (नळीचा आतला व्यास), म्हणजे ज्याला पॉइंट १७७ म्हणतात ते, आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा, या मर्यादेतल्या एअरगनला परवाना लागत नाही. त्यापलीकडे लागतो. २० ज्यूल म्हणजे किती? दोन किलोची साखरेची पिशवी एक मीटर उंचीवरून सोडली तर जमिनीवर पोचताना तिच्यात जेवढा जोर असतो, साधारण तेवढा. मोबाइलवरचा तो अमेरिकन बहुधा ५.५ मिलिमीटरची गन आणि आपल्या तिप्पट ऊर्जा घेऊन बसलेला असतो. त्याचा सल्ला त्याच्या गनला लागू. भाच्याकडे परवाना न लागणारी ४.५ ची पीसीपी आहे, म्हणजे आधी भरलेल्या हवेवर चालणारी. तर आपला प्रश्न असा: २० ज्यूल ठरलेले असताना ते किती वजनावर खर्चावेत?

इथे बहुतेकांची गाडी पहिल्याच वळणावर चुकते. वाटतं असं की वारा गोळीला बाजूने ढकलतो. गोळी जितका वेळ हवेत, तितका वेळ ढकलणार. म्हणजे हलकी आणि वेगवान गोळी घ्या, लवकर पोचेल, कमी सरकेल. दिसायला बिनतोड आहे. पण खोटं आहे.

वाशीच्या खाडीपुलावरून हार्बरच्या गाडीने जाताना आठवा. दाराजवळ, आत, दांडा धरून उभे आहात. खाडीवरून वारा बरोबर बाजूने येतोय, पण चेहऱ्यावर तो कुठून लागतो? समोरून, जरासा तिरका. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर, आणि वारा सेकंदाला ३ मीटर. दोन्ही मिळून तुम्हाला जो वारा जाणवतो तो समोरच्या दिशेपासून फक्त दहा अंश कललेला असतो. गोळीचंही तेच. ती सेकंदाला दोनशे मीटरने जात असेल तर तिला लागणारा वारा जवळजवळ नाकासमोरूनच येतो, एक अंशाहूनही कमी तिरका. नीट फिरणारी गोळी तेवढंसं नाक त्या दिशेला वळवते. मग हवा तिला मागे ओढते, आणि ही ओढ नाकाच्या रेषेत असल्यामुळे तीही तेवढीच तिरकी असते. या तिरकेपणातून गोळी बाजूला जाते.

म्हणजे वारा ढकलत नाही, हवा ओढते. ओढच नसती तर वारा कितीही असो, गोळी तसूभर सरकली नसती. आणि ओढ किती झाली याचा हिशेब एकाच आकड्यात मावतो: हवा नसती तर गोळी जेव्हा पोचली असती त्यापेक्षा तिला किती उशीर झाला. त्या उशिराला वाऱ्याच्या आडव्या वेगाने गुणा, मिळेल तेवढी गोळी सरकते. एकोणिसाव्या शतकात दिदिओं नावाच्या फ्रेंच तोफखाना अधिकाऱ्याने हे सूत्र मांडलं आणि ते अजून तसंच वापरात आहे. पुलावर तुमची लोकल सव्वानऊला पोचायची ती नऊ-वीसला पोचली, तर प्रवासाला किती मिनिटं लागली याच्याशी वाऱ्याला कर्तव्य नाही, फक्त त्या पाच मिनिटांशी आहे.

ही गोष्ट पटत नसेल तर पॉइंट २२ रायफलवाल्यांना विचारा. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, त्या प्रकारातली काडतुसं मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवलेली असतात. त्याच वजनाची जास्त वेगाची काडतुसं बाजारात मिळतात, लवकर पोचतात, आणि वाऱ्यात जास्त सरकतात. कारण आवाजाच्या वेगाजवळ हवेची ओढ एकदम वाढते. लवकर पोचूनही त्यांना "उशीर" जास्त होतो. एअरगनच्या स्लगलाही हाच काठ आहे. सेकंदाला २८०-२९० मीटरच्या वर जाऊ लागलात की हवा दंड वसूल करायला लागते. परवान्याच्या मोठ्या गनवाल्यांनी हलका स्लग जोरात हाणण्यापूर्वी हे बघावं. आपल्या २० ज्यूलमध्ये स्लग तिथवर जातच नाही, चिंता मिटली.

आता आकडे. मी ओढीचे गुणांक नेहमीच्या पट्ट्यातले धरलेत, म्हणून हे ढोबळ समजा. प्रत्येक डब्याचं थोडं इकडेतिकडे होईल. तिन्ही गोळ्यांना २० ज्यूल दिले. १० ग्रेनचा छर्रा सेकंदाला २४८ मीटरने निघतो, १३ ग्रेनचा स्लग २१८ ने, १६ ग्रेनचा १९६ ने. अंतर १०० मीटर, वारा बरोबर आडवा, सेकंदाला ३ मीटर. छर्रा अर्ध्या सेकंदाच्या किंचित वर, ०.५१ सेकंदांत पोचतो. हवा नसती तर ०.४० त पोचला असता. उशीर ०.११ सेकंद, सरकला सुमारे ३३ सेंटिमीटर. जड स्लग डुलत डुलत ०.५८ सेकंदांत पोचतो, म्हणजे छर्ऱ्याहून उशिरा. पण हवा नसती तरी त्याला ०.५१ लागलेच असते. त्याचा उशीर ०.०७, सरकला २१ सेंटिमीटर. जास्त वेळ हवेत राहूनही एक तृतीयांशाहून जास्त बचत. भाच्याने हे दोनदा तपासलं आणि मग माझ्याकडे असं बघितलं जणू मी आकडे पाठ करून बसलो होतो.

मधला, १३ ग्रेनचा? तो २४ सेंटिमीटर सरकतो.

इथे थांबून नीट बघा. छर्रा सोडून स्लगवर आल्याने ९ सेंटिमीटर वाचले. त्यानंतर आणखी ३ ग्रेन चढवल्याने फक्त ३. यामागचं गणितही सरळ आहे. आकार तोच, ऊर्जा तीच असेल तर सरकणं वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. वजन दुप्पट केलंत तर सरकणं निम्मं होत नाही, तीस टक्क्यांनी घटतं. १३ चं १४ ग्रेन केलंत तर साडेतीन टक्के, म्हणजे शंभर मीटरवर एका सेंटिमीटरहूनही कमी. लोक एकेका ग्रेनवरून जे वाद घालतात ते या एका सेंटिमीटरसाठी. आकार सुधारला, म्हणजे नाक जरा लांब, मागचा काठ जरा निमुळता, तर त्याहून जास्त पदरात पडतं.

(परवान्याच्या ५.५ मध्ये चित्र आणखी ठळक दिसतं. १८ ग्रेनचा छर्रा २७५ मीटरने आणि २५ ग्रेनचा स्लग २९० मीटरने सोडला तर त्याच वाऱ्यात शंभर मीटरवर पहिला २७ सेंटिमीटर जातो, दुसरा दहाच्या आत राहतो. तिथे स्लगचं कौतुक का होतं ते यावरून कळावं. पण स्लगच्या मागे ऊर्जाही दीडपट आहे, हे व्हिडिओत कुणी ओरडून सांगत नाही.)

बरं, ३ तर ३ सेंटिमीटर, फुकट मिळत असतील तर घ्यायला काय हरकत आहे? फुकट नाहीत, हीच अडचण.

पहिली किंमत पिळाची. नळीतले आटे किती लांबीत एक फेरा पुरा करतात त्याला पीळ म्हणू. एअरगनच्या बऱ्याच नळ्यांत तो ४०० ते ४५० मिलिमीटरला एक फेरा असतो. सेकंदाला १९६ मीटरने निघालेला स्लग ४५० च्या पिळातून सेकंदाला ४३५ गिरक्या घेत बाहेर पडतो, मिनिटाला २६,०००. आमच्या शॉपमधला चार इंची हँड ग्राइंडर ११,००० च्या आसपास फिरतो, यावरून अंदाज करा. एवढं फिरूनही ते कमी पडू शकतं, कारण किती गिरकी लागेल हे वजनावर नाही, लांबीवर ठरतं. ठेंगणा भोवरा सहज उभा राहतो, उंच भोवरा लडबडतो. नळीचा आतला व्यास तर ठरलेला आहे. मग ४.५ मध्ये वजन वाढवायचं तर स्लग लांबच करावा लागतो, दुसरा मार्गच नाही.

इंग्लंडात वुलिचला शिकवणाऱ्या ग्रीनहिल नावाच्या गणितज्ञाने १८७९ मध्ये यावर एक झटपट नियम दिला. शिशाच्या गोळीसाठी तो अजून कामाचा आहे. व्यासाचा वर्ग करा, १५० ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा. आपल्या ४.५ साठी वरचा आकडा ठरूनच गेला: ३,०३७. त्याला स्लगच्या मिलिमीटरमधल्या लांबीने भागायचं की किती मिलिमीटरला एक फेरा हवा ते येतं. १३ ग्रेनचा स्लग सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास असतो, उत्तर येतं ४८० च्या पुढेमागे. म्हणजे ४५० चा पीळ पुरून उरतो. १६ ग्रेनचा साडेसातच्या घरात जातो, उत्तर ४०५. ४५० च्या नळीला तो झेपत नाही, ४०० च्या नळीतही जेमतेम काठावर. काठावरचा स्लग पंचवीस मीटरवर सुतासारखा वागतो आणि पंचाहत्तरवर कागदावर लंबगोल भोकं पाडतो, कारण तो तिरका आदळत असतो. डगमगणाऱ्या स्लगवर हवेची ओढ वाढते, मग वजनातून मिळालेला फायदा गेलाच, वर ग्रुपही गेला, म्हणजे भोकं एकमेकांजवळ पडणंही गेलं.

तेव्हा डब्यावरचा ग्रेनचा आकडा वाचण्याआधी डिजिटल कॅलिपरने स्लगची लांबी मोजा. आणि पीळ ठाऊक नसेल तर तोही मोजता येतो. हवा पूर्ण काढलेल्या, रिकाम्या गनच्या नळीत घट्ट बसणारी चिंधी सफाईच्या सळईवर लावून सावकाश आत ढकला. सळई मुठीत फिरणारी हवी. तिच्यावर मार्करने एक खूण करा आणि खूण पूर्ण फेरा मारेपर्यंत सळई किती आत गेली ते बघा. नळी तेवढी लांब नसली तर अर्धा फेरा मोजून दुप्पट करा. पाच मिनिटांचं काम.

दुसरी किंमत उभ्या दिशेची. तोच १०० मीटरचा प्रवास घ्या. नळीच्या रेषेपासून छर्रा १ मीटर १२ सेंटिमीटर खाली येतो, १३ ग्रेनचा स्लग १ मीटर २९, आणि १६ चा १ मीटर ५३. दुर्बिणीला एवढं वर फिरवून घेणं काही अवघड नाही. अवघड हे की प्रत्येक फैरीचा वेग तंतोतंत सारखा नसतो. वेगात एक टक्का फरक पडला की खाली येण्यात दोन टक्के पडतो. १६ ग्रेनला एक टक्का म्हणजे अवघे दोन मीटर प्रति सेकंद, आणि तेवढ्याने गोळी ३ सेंटिमीटर वरखाली. आडवे वाचवले तेवढेच उभे घालवले. ज्याच्या गनचा रेग्युलेटर, म्हणजे दर फैरीला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, घड्याळासारखा चालतो त्याने जड स्लगचा विचार करावा. बाकीच्यांनी आधी क्रोनोग्राफसमोर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर, बसून वीस फैरींचे वेग लिहून काढावेत.

क्रोनोग्राफचा आणखी एक उपयोग आहे आणि तो जास्त महत्त्वाचा. पीसीपीमध्ये जड गोळी नळीत जास्त वेळ राहते, फुगणारी हवा तिला जास्त वेळ रेटते, म्हणून त्याच सेटिंगवर जड गोळीला सहसा जास्त ऊर्जा मिळते. छर्ऱ्याला १९ ज्यूल देणारी गन जड स्लगला २० च्या पलीकडे नेऊ शकते, आणि मग तुमच्या हातातली वस्तू कायद्याच्या दुसऱ्या रकान्यात जाते. तुम्ही तर फक्त डबा बदललेला असतो! वेग मोजा, वजनाने हिशेब करा, गरज असेल तर जाणकाराकडून दाब उतरवून घ्या.

स्प्रिंगवाल्या गनमध्ये स्लग घालायचा मोह शक्यतो आवरा. तिथे हवेचा झटका क्षणाचा असतो, जड गोळी जागची हलेपर्यंत पिस्टन उसळी खातो, आणि ऊर्जा वाढायच्या ऐवजी घटते.

मापाबद्दल थोडं, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा भाग. छर्ऱ्याचा घेर फुलून नळीतला फरक भरून काढतो. स्लग तसं करत नाही. त्याचं अख्खं अंग आट्यांवर घासत जातं, म्हणून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक कागदावर दिसतो. सैल बसला तर हवा बाजूने निसटते आणि वेग दर फैरीला बदलतो. घट्ट बसला तर भरताना नाक चेपतं. अनेक एअरगनच्या नळ्यांचं तोंड छर्ऱ्यांसाठी मुद्दाम किंचित आवळलेलं असतं. तो आवळा छर्ऱ्याला सरळ करतो, पण स्लगचं अंग दाबून बारीक करतो. तुमच्या नळीला अमुक एक वजन "आवडत नाही" असं लोक म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा दोष वजनाचा नसतोच, व्यासाचा असतो. एकाच वजनाचे दोन व्यास मिळत असतील तर दोन वजनं आणण्यापेक्षा दोन व्यास आणा.

मग वाऱ्याचं काय? एकूण हिशेबात वजनापेक्षा मोठा वाटा वारा वाचण्याचा आहे. १३ ग्रेनच्या स्लगला सेकंदाला एक मीटर वारा शंभर मीटरवर आठ सेंटिमीटर सरकवतो. आणि एवढा वारा तुम्हाला चेहऱ्यावर कळतसुद्धा नाही. उदबत्तीचा धूर तिरका होतो, पान हलत नाही. दीड मीटरच्या वर गेला की गालाला जाणवतो, पानं सळसळतात. साडेतीनच्या पुढे बारीक डहाळ्याही सतत हलू लागतात. म्हणजे "वारा नाहीये" आणि "थोडासा आहे" यांत आठ-दहा सेंटिमीटर दडलेले आहेत, आणि तुम्ही ग्रेन मोजताय. वारा कोनातून येत असेल तर पूर्ण धरू नका. निशाण्याच्या रेषेला तीस अंशांचा कोन असेल तर निम्मा, पंचेचाळीस असेल तर सात दशांश.

रेंजवर लोक लांब, निशाण्याजवळची झेंडी बघत बसतात. उलट करा. गोळीला वाटेत सुरुवातीलाच जो आडवा कल मिळतो तो पुढच्या सगळ्या अंतरभर वाढत जातो. शेवटच्या दहा मीटरमध्ये मिळालेल्या कलाला वाढायला जागाच उरत नाही. आख्ख्या सरकण्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग पहिल्या निम्म्या अंतरातल्या वाऱ्यामुळे होतो. म्हणून लोकरीचा धागा बांधलेली काठी तुमच्यापासून पंधरावीस मीटरवर रोवा.

एक मौज अशीही दिसेल की आडव्या वाऱ्यात ग्रुप नुसता आडवा न पसरता तिरका पसरतो. उजव्या पिळाच्या नळीला उजवीकडून वारा आला की गोळी डावीकडे आणि थोडी वर जाते, डावीकडून आला की उजवीकडे आणि थोडी खाली. गन बिघडलेली नसते. नळीतून बाहेर पडताना नाक वाऱ्याकडे वळतं आणि गिरकीमुळे त्याला उभा झटका बसतो, एवढंच.

आपल्याकडचा वारा शाळेच्या भूगोलातला आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, तेही मंद. ऊन तापलं की दुपारी समुद्रावरून खारे वारे, आणि ते चांगले तीन-चार मीटरचे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा, झोताझोताने येणारा, ज्याच्यासमोर मी तरी डबा उघडत नाही. नळी आणि स्लगची पारख पहाटे करावी आणि वाऱ्याचा सराव दुपारी. दोन्ही एकाच वेळी केलं की चूक कुणाची ते कळत नाही. आणखी एक समजूत जाता जाता खोडतो: ठाण्याची हवा दमट म्हणजे जड, म्हणून गोळी जास्त अडते असं आमच्या ओळखीतला एक जण ठासून सांगतो. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. गरम आणि दमट हवेत गोळीला ओढ उलट कमी. तेहतीस अंशांच्या दुपारी हवेची घनता पंधरा अंशांपेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते.

आणि हे सगळं रेंजवर, मागे पक्का मातीचा बांध असताना. स्लग वेग टिकवतो हाच त्याचा गुण असल्यामुळे चुकला तर छर्ऱ्यापेक्षा खूप लांब जातो आणि दगडावर आपटून उसळतोही जास्त. गच्ची, खाडीकाठची मोकळी जागा, यातलं काही चालणार नाही. येऊर तर राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे गन घेऊन जायचा विचारसुद्धा नको. शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावू नका.

भाच्याने शेवटी तीन डबे मागवले: १३ ग्रेनचे दोन व्यास आणि हट्टाने एक १६ चा. पनवेलच्या पलीकडच्या एका रेंजवर आम्ही सकाळी साडेसहाला पोचलो, धागा काठीला सरळ लोंबत होता. पाच फैरींच्या ग्रुपवर माझा विश्वास नाही, नशीब पाचात बसतं, म्हणून दहा-दहाचे केले. तेही एकेका डब्याचे सलग नाहीत. एक फैर या डब्यातली डाव्या कागदावर, पुढची दुसऱ्यातली मधल्या कागदावर, तिसरी उजव्या, असं फिरत फिरत, म्हणजे वारा उठला तरी तिघांनाही सारखाच लागेल. पन्नास मीटरवर तिन्ही जवळजवळ सारखे होते आणि भाचा माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत होता. पंचाहत्तरवर १६ च्या कागदावरची भोकं लांबट व्हायला लागली. शंभरावर तो ग्रुप माझ्या पंज्यातही मावेना. १३ मधला घट्ट व्यासाचा डबा मात्र चहाच्या बशीएवढ्यात राहिला. अकराच्या सुमारास धागा पूर्वेकडे आडवा झाला तेव्हा भाच्याने १६ चा डबा बॅगेत टाकला आणि तोच १३ चा घेऊन वारा मोजायला बसला. पहिल्या दहा फैरींत त्याने सहा वेळा चुकीचा अंदाज केला.